समर्पण (ख्रिस्ती धर्म)

समर्पण म्हणजे आपले जीवन, आपले भवितव्य आणि आपला मृत्यू परमेश्वराच्या हाती विश्वासाने सोपवणे. ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत धारणा आहे. येशू ख्रिस्ताने वधस्तंभावर (क्रूसावर) प्राण सोडताना केलेली प्रार्थना हा या धारणेचा मुख्य आधार मानला जातो. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट या तिन्ही प्रमुख परंपरांमध्ये ती आढळते. दैनंदिन प्रार्थना, मृत्युसमयीचे विधी, धर्मशिक्षणाची पुस्तके आणि भक्तिगीते यांतून ती व्यक्त होते. समर्पण म्हणजे प्रयत्नांचा त्याग किंवा दैववाद नव्हे, असे ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. तरीही श्रद्धा आणि वैद्यकीय उपचार, शरणागती आणि अन्यायाचा प्रतिकार यांच्या सीमारेषेविषयी ख्रिस्ती परंपरेत सतत विचारमंथन होत आले आहे.

संज्ञा आणि अर्थ

या धारणेचे मूळ वचन जुन्या करारातील स्तोत्रसंहितेच्या ३१ व्या स्तोत्रात (वचन ५) आहे. तेथे योजलेल्या हिब्रू क्रियापदाचा अर्थ एखादी मौल्यवान वस्तू विश्वासू माणसाकडे सांभाळण्यासाठी ठेवणे असा होतो. नव्या करारात लूकने हेच वचन येशूच्या तोंडी देताना वापरलेले ग्रीक क्रियापदही ठेव ठेवण्याच्या व्यवहारातील आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात याच धातूपासून झालेले ‘ठेव’ या अर्थाचे नाम आले आहे.

हा मूळ अर्थ महत्त्वाचा आहे. ठेव म्हणून दिलेली वस्तू टाकून दिलेली नसते. ती परत मिळेल या भरवशावरच ती दुसऱ्याकडे दिलेली असते. त्यामुळे ख्रिस्ती अर्थाने प्राण सोपवणे म्हणजे जिवाला तुच्छ लेखणे नव्हे. जीव मौल्यवान आहे म्हणूनच तो सुरक्षित हाती देणे होय. या अर्थाला पुनरुत्थानावरील श्रद्धेची जोड आहे. मराठी ख्रिस्ती लेखनात या संदर्भात ‘सोपवणे’, ‘स्वाधीन करणे’, ‘हवाली करणे’ आणि ‘समर्पण’ हे शब्दप्रयोग केले जातात.

बायबलमधील आधार

जुना करार

३१ वे स्तोत्र परंपरेने दावीद राजाचे मानले जाते. ते मरणाऱ्या माणसाचे नसून शत्रूंनी वेढलेल्या आणि जगू इच्छिणाऱ्या माणसाचे स्तोत्र आहे. त्यात सुटकेची याचना आहे, शरीर झिजल्याची तक्रार आहे आणि आप्तांनी पाठ फिरवल्याचे दुःखही आहे. आपला काळ परमेश्वराच्या हाती आहे असे स्तोत्रकर्ता पुढे म्हणतो. म्हणजे हे वचन मुळात जगण्यासाठीचे होते. मृत्यूशी त्याचा संबंध नंतर दृढ झाला. यहुदी परंपरेत झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ते म्हटले जाते.

ईयोबाच्या पुस्तकात संपत्ती आणि मुले गमावलेला ईयोब, ज्याने दिले त्यानेच नेले, या भावनेने देवाचे नाव धन्य मानतो. मात्र त्याच पुस्तकाच्या पुढील अध्यायांत तो देवाला जाब विचारतो आणि दुःख हे पापाचेच फळ आहे असे सांगणाऱ्या मित्रांचे म्हणणे फेटाळतो. अखेरीस देव त्या मित्रांनाच दोष देतो.

दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे तीन तरुण राजाच्या सुवर्णमूर्तीला वंदन करण्यास नकार देतात. आपला देव अग्नीतून वाचवण्यास समर्थ आहे, पण त्याने वाचवले नाही तरीही आपण मूर्तीला वंदन करणार नाही, अशी त्यांची भूमिका असते. समर्पण फलप्राप्तीच्या अटीवर अवलंबून नसते याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो.

नवा करार

येशूच्या शिकवणुकीत समर्पणाचे तीन धागे दिसतात. डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता करू नये असा उपदेश आहे. प्रभूच्या प्रार्थनेत देवाची इच्छा पृथ्वीवर पूर्ण व्हावी अशी मागणी आहे. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत येशू दुःखाचा प्याला टळावा अशी स्पष्ट विनंती करतो आणि त्यानंतरच स्वतःची इच्छा पित्याच्या इच्छेच्या अधीन करतो. भीती आणि यातना लपवून न ठेवता केलेले हे समर्पण आहे.

वधस्तंभावरील येशूच्या अखेरच्या शब्दांविषयी शुभवर्तमानांत भिन्न नोंदी आहेत. मत्तय आणि मार्क यांच्या वृत्तान्तात तो २२ व्या स्तोत्राच्या आरंभीचे शब्द उच्चारून देवाने आपल्याला का टाकले असे विचारतो. लूकच्या वृत्तान्तात तो ३१ व्या स्तोत्रातील वचन म्हणून आपला आत्मा सोपवतो आणि त्या वचनाच्या आधी ‘बापा’ हे संबोधन जोडतो. आक्रोश आणि विश्वास ही दोन्ही वचने एकाच मृत्यूशी निगडित असल्यामुळे, समर्पणात तक्रारीलाही स्थान आहे असा अर्थ अनेक भाष्यकारांनी काढला आहे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन दगडमार होत असताना आपला आत्मा स्वीकारावा अशी विनंती येशूला करतो आणि मारणाऱ्यांना क्षमा मिळावी अशी प्रार्थना करतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल म्हणतो की माणूस जगला तरी प्रभूचा आणि मेला तरी प्रभूचाच असतो. हे विधान मृत्यूविषयीच्या प्रवचनात आलेले नाही. खाणे-पिणे आणि सणवार यांवरून मंडळीत सुरू असलेले वाद मिटवताना पौलाने ते केले आहे. सगळेच जर प्रभूचे असतील, तर एकाने दुसऱ्याचा न्याय करू नये, असा त्याचा युक्तिवाद आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात दुःख सोसणाऱ्यांना आपले जीव विश्वासू निर्माणकर्त्याच्या हाती सोपवण्यास सांगितले आहे. पण हे सोपवणे चांगले काम करत राहून व्हावे, अशी जोडही दिली आहे.

याच्या उलट बाजूचा इशारा येशूच्या परीक्षेच्या कथेत आहे. देवदूत झेलतील या भरवशावर मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असे सैतान सुचवतो आणि येशू ते नाकारतो. देवावर भरवसा ठेवणे आणि देवाची परीक्षा पाहणे यांतील भेद सांगताना धर्मशास्त्रज्ञ बहुधा याच कथेचा आधार घेतात.

ऐतिहासिक विकास

आरंभीचा काळ

रोमन साम्राज्यातील छळाच्या काळात समर्पणाचा आदर्श हुतात्म्यांच्या चरित्रांतून मांडला गेला. स्मुर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याला इ.स. १५५ च्या सुमारास जाळून मारण्यात आले. त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तान्तात एक लक्षणीय तपशील आहे. स्वतः होऊन पुढे झालेला एक जण श्वापदे पाहून डगमगला, त्यामुळे आपण होऊन मृत्यूच्या स्वाधीन होणे योग्य नाही, असा अभिप्राय त्यात दिला आहे. पॉलिकार्प स्वतः आधी शहराबाहेर निघून गेला होता आणि पकडला गेल्यावर मात्र त्याने श्रद्धा सोडली नाही.

तिसऱ्या शतकातील मोठ्या साथीच्या वेळी कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मृत्यूच्या भीतीला उत्तर देणारा प्रबंध लिहिला. चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात आत्महत्येचा स्पष्ट निषेध केला: जीवन ही देवाची देणगी असल्याने ते संपवण्याचा अधिकार माणसाला नाही. त्याच्या ‘कबुलीजबाब’ या आत्मचरित्रात आई मोनिका हिच्या इ.स. ३८७ मधील ओस्तिया येथील मृत्यूचे वर्णन आहे. आपला देह कोठेही पुरावा, असे ती शांतपणे सांगते. अश्रू आवरू पाहणारा ऑगस्टीन अखेर रडतो आणि त्या रडण्याची लाज बाळगू नये अशा निष्कर्षाला येतो.

मध्ययुग

मठजीवनात रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत ३१ व्या स्तोत्रातील वचनाला आणि वृद्ध शिमोनाच्या गीताला स्थान मिळाले. रोजची झोप ही मृत्यूची उजळणी आणि रोजचे जागे होणे ही पुनरुत्थानाची खूण, असा त्यामागील भाव आहे.

चौदाव्या शतकातील प्लेगच्या महामारीने युरोपात अगणित माणसे धर्मगुरूच्या उपस्थितीविना मरण पावली. या पार्श्वभूमीवर पंधराव्या शतकात ‘मरणाची कला’ या नावाने ओळखली जाणारी लॅटिन पुस्तके तयार झाली. त्यांच्या संक्षिप्त आवृत्तीत ११ काष्ठचित्रे होती. मरणासन्न माणसाला होणारे पाच मोह त्यांत दाखवले आहेत: अविश्वास, निराशा, अधीरता, आध्यात्मिक गर्व आणि संपत्तीची आसक्ती. प्रत्येक मोहावर दिलासा देणारे चित्रही सोबत असे.

धर्मसुधारणा आणि नंतरचा काळ

मार्टिन ल्यूथरने १५१९ मध्ये मरणाच्या तयारीवर एक प्रवचन प्रसिद्ध केले. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेगची साथ आली असता तो शहरातच राहिला आणि प्राणघातक साथीपासून पळावे काय, या प्रश्नावर त्याने खुले पत्र लिहिले. ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्यांनी जागा सोडू नये. परंतु औषध घ्यावे, घर धुरी देऊन शुद्ध करावे आणि गरज नसेल तेथे जाऊ नये, असे त्याने सुचवले. औषध नाकारून केवळ देवावर हवाला ठेवणे ही श्रद्धा नसून देवाची परीक्षा पाहणे होय, असे त्याचे मत होते. १८ फेब्रुवारी १५४६ रोजी आइस्लेबेन येथे मरताना त्याने ३१ व्या स्तोत्रातील वचन म्हटले, असे उपस्थितांनी नोंदवले आहे.

१५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न जीवनात आणि मरणात माणसाचा एकमेव आधार कोणता, हा आहे. माणूस स्वतःचा नसून देहाने आणि आत्म्याने ख्रिस्ताचा आहे, हे त्याच्या उत्तराचे सार आहे. कॅथलिक परंपरेत इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. आरोग्य किंवा आजार, दीर्घ किंवा अल्प आयुष्य यांपैकी कशाचाही आग्रह न धरता देवाच्या सेवेला अनुकूल ते निवडण्याची वृत्ती त्यात शिकवली आहे. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७५५ मध्ये सामूहिक करारविधी सुरू केला. काम मिळो वा न मिळो, देवाने ठेवले तसे राहण्याची प्रतिज्ञा त्यात असते. अनेक मेथडिस्ट मंडळ्यांत हा विधी नववर्षाच्या सुमारास होतो.

सतराव्या शतकात समर्पणाचा अर्थ टोकाला नेणारा क्वाएटिझम हा विचारप्रवाह निर्माण झाला. आत्म्याने पूर्णपणे निष्क्रिय व्हावे आणि स्वतःच्या तारणाचीही इच्छा धरू नये, असे त्याचे स्वरूप होते. पोप इनोसन्ट ११ वे यांनी १६८७ मध्ये मिगेल दे मोलिनोस याच्या मतांचा निषेध केला. समर्पणात माणसाची इच्छाशक्ती नष्ट होत नाही, ती देवाच्या इच्छेशी सहकार्य करते, ही भूमिका त्यानंतर कॅथलिक शिकवणुकीत अधिक स्पष्ट झाली.

विसावे शतक

फ्रेंच संन्यासी शार्ल द फुको (१८५८–१९१६) याच्या नावाने प्रसिद्ध असलेली समर्पणाची प्रार्थना येशूच्या वधस्तंभावरील शेवटच्या प्रार्थनेवर त्याने लिहिलेल्या चिंतनातून घेतलेली आहे. तो सहारा वाळवंटात तामनरासेत येथे मारला गेला. १५ मे २०२२ रोजी त्याला संत घोषित करण्यात आले.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर (१९०६–१९४५) हिटलरविरोधी कटात सहभागी होता. एप्रिल १९४३ मध्ये त्याला अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसनबुर्ग छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. तुरुंगातील त्याची पत्रे १९५१ मध्ये ज्या जर्मन शीर्षकाने प्रकाशित झाली, त्याचा अर्थ ‘प्रतिकार आणि समर्पण’ असा होतो. अन्यायाला कोठवर विरोध करावा आणि कोणत्या बिंदूपासून जे घडते ते देवाच्या हातून स्वीकारावे, या प्रश्नाचे सर्वकाळ लागू पडणारे उत्तर नाही. दोन्ही गोष्टी निर्धाराने कराव्या लागतात, असा त्याच्या विचाराचा रोख होता.

उपासना आणि विधी

ऑर्थोडॉक्स उपासनेत भाविकांनी स्वतःला, एकमेकांना आणि आपले सारे जीवन ख्रिस्ताला सोपवावे, असे आवाहन वारंवार येते. त्याच उपासनेत जीवनाचा शेवट शांत आणि वेदनारहित व्हावा अशीही मागणी असते. कॅथलिक परंपरेत आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार आहे. मरणासन्न व्यक्तीला दिल्या जाणाऱ्या अंतिम प्रभुभोजनाच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘वाटेची शिदोरी’ असा आहे. त्यानंतर आत्मा देवाच्या स्वाधीन करण्याच्या प्रार्थना म्हटल्या जातात. अँग्लिकन पंथाच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही मरणोन्मुख व्यक्तीसाठी अशी प्रार्थना आहे.

उपचार आणि मृत्यूविषयीची भूमिका

मुख्य ख्रिस्ती पंथांच्या मते वैद्यकीय उपचार घेणे समर्पणाच्या विरोधात नाही. पोप पायस १२ वे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ च्या भाषणात जीवन टिकवण्याच्या साधारण आणि असाधारण उपायांत भेद केला. साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे. रुग्णावर किंवा इतरांवर अतिरेकी भार टाकणारे उपाय बंधनकारक नाहीत. वेदनाशामक औषधांनाही त्यांनी त्याच वर्षी मान्यता दिली होती. म्हणून जीवन जाणूनबुजून संपवणे आणि अटळ मृत्यू स्वीकारणे या दोन गोष्टी कॅथलिक नीतिशास्त्रात वेगळ्या मानल्या जातात.

असाध्य रुग्णांच्या सेवेसाठी सिसिली सॉन्डर्स या श्रद्धावान अँग्लिकन डॉक्टरने १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आधुनिक वेदनाशमन सेवेचा आरंभ येथून मानला जातो. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे सुरू झाले.

मराठी परंपरेतील आविष्कार

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे प्रथम छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या काव्याच्या दुसऱ्या भागात येशूचे जीवन, दुःखसहन आणि पुनरुत्थान यांचे मराठीत कथन आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगाच्या रूपात ख्रिस्तभक्ती मांडली आणि शरणागतीची वारकरी भाषा ख्रिस्ती उपासनेत आणली. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून त्यांची गीते आजही गायली जातात.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे केडगाव येथील कार्य समर्पण आणि प्रयत्न यांच्या मेळाचे उदाहरण आहे. संस्थेच्या गरजांसाठी त्या प्रार्थनेवर विसंबत. त्याच वेळी दुष्काळात सापडलेल्या मुली आणि स्त्रिया यांना आश्रय देणे, विहिरी खोदणे, शेती आणि छापखाना चालवणे ही कामेही त्या करत. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा हिचे निधन झाले. त्यानंतरही त्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात गुंतलेल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

मराठी ख्रिस्ती समाजात मृत्यूसाठी ‘प्रभूमध्ये झोपी जाणे’ असा शब्दप्रयोग होतो. त्याचे मूळ नव्या करारात आहे.

टीका आणि मतभेद

समर्पणाच्या धारणेवर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, ती माणसाला निष्क्रिय करते. कार्ल मार्क्सच्या धर्मविषयक टीकेपासून हा आक्षेप विशेष परिचित आहे. सर्व काही देवाची इच्छा असे सांगून गरिबी, गुलामगिरी आणि कौटुंबिक अत्याचार सोसायला लावल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. त्याला उत्तर देताना धर्मशास्त्रज्ञ देवाच्या इच्छेला शरण जाणे आणि जुलूम करणाऱ्या माणसाच्या इच्छेला शरण जाणे यांत फरक करतात. अत्याचार हा देवाच्या इच्छेचा भाग म्हणून पीडिताला सांगणे चुकीचे आहे, असे स्त्रीवादी आणि मुक्तिवादी ख्रिस्ती विचारवंतांनी ठामपणे मांडले आहे.

दुसरा आक्षेप उपचारांविषयी आहे. १८७९ मध्ये मेरी बेकर एडी यांनी स्थापन केलेल्या ख्रिश्चन सायन्स पंथात आणि काही लहान गटांत औषधांऐवजी प्रार्थनेवर भर दिला जातो. उपचारांविना मुले दगावल्याने अमेरिकेत पालकांवर खटलेही झाले. स्वतःच्या श्रद्धेपायी दुसऱ्याचा, विशेषतः अजाण मुलाचा, जीव धोक्यात घालता येईल काय, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे. मुख्य पंथांचे उत्तर नकारार्थी आहे.

तिसरा आक्षेप शोकाविषयी आहे. खऱ्या श्रद्धावंताने रडू नये, अशी अपेक्षा काही ठिकाणी ठेवली जाते आणि दुःखी कुटुंबाला त्याचा दुहेरी भार होतो. या अपेक्षेला बायबलचा आधार नाही, असे बहुतेक भाष्यकार दाखवून देतात. लाजाराच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल शोकाला मनाई करत नाही. आशाहीन माणसांसारखा शोक करू नये, एवढेच तो सांगतो.

इतर धर्मांतील समांतर कल्पना

वैष्णव परंपरेतील प्रपत्ती किंवा शरणागती, वारकरी संतांचा विठ्ठलावरील भार आणि इस्लाममधील तवक्कुल या कल्पना ख्रिस्ती समर्पणाशी काही अंशी मिळत्याजुळत्या आहेत. ख्रिस्ती धारणेचा विशेष असा की, ज्याच्या हाती जीव सोपवायचा त्यानेच येशूच्या रूपाने मरणाचा अनुभव घेतला, अशी तिच्यामागील श्रद्धा आहे.

हेही पहा

स्तोत्रसंहिता
येशूचे पुनरुत्थान
शरणागती
क्रिस्तपुराण
नारायण वामन टिळक
पंडिता रमाबाई